बेंगाल मांजर घ्यायचंय? ठिपके नंतर बघा, आधी हे वाचा

खंड्याचा, म्हणजे आमच्या बेंगाल बोक्याचा, फोटो इन्स्टाला टाकला की ठरलेले मेसेज येतातच. केवढ्याला घेतला, कुठून घेतला, हा बिबट्याचा क्रॉस आहे का, आणि परवा एकाने तर विचारलं की ताई याला फ्लॅटमध्ये ठेवलं तर फॉरेस्टवाले येत नाहीत का. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून अंगठे दुखायला लागलेत म्हणून सगळं इथे एकदाच लिहून टाकते, पुढच्याला लिंक पाठवली की झालं.

मुद्दा तसा एकच आहे. बेंगाल घेताना माणूस ठिपके बघून पैसे मोजतो आणि नंतर बारा ते पंधरा-सोळा वर्षं राहावं लागतं त्याच्या स्वभावाबरोबर. ठिपक्यांची सवय महिन्याभरात होते हो, आपल्यालाही आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही, पण पहाटे साडेचारला कपाटावरून पोटावर मारलेली उडी रोज नवीनच वाटते.

आधी बिबट्याचं क्लिअर करू. बेंगालमध्ये बिबट्या नाहीये, कधीच नव्हता. जे आहे ते एशियन लेपर्ड कॅट, म्हणजे साधारण आपल्या घरच्या मांजराएवढंच एक रानमांजर, शास्त्रीय नाव प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस, त्यावरूनच ब्रीडचं नाव पडलं. हे आपल्या सह्याद्रीतही आहे, गावाकडे वाघाटी म्हणतात (अजून एक तांबूस ठिपक्यांचं याहून लहान रानमांजर असतं, लोक त्यालाही वाघाटीच म्हणतात). ब्रीड मात्र तयार झाली अमेरिकेत. तिथे त्या काळी हे रानमांजर चक्क पेट शॉपमध्ये विकत मिळायचं. जीन मिल नावाच्या बाईंकडे असलीच एक मादी होती, तिची आणि घरातल्या काळ्या बोक्याची जोडी जमली, ही १९६३ च्या आसपासची गोष्ट. मग मध्ये बरीच वर्षं ते काम थांबलं आणि १९८० च्या सुमारास डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांच्याकडून त्यांना क्रॉस माद्या मिळाल्या, डॉक्टरसाहेब मांजरांच्या ल्युकेमियावर संशोधन करत होते आणि त्यासाठी त्यांनी रानमांजर आणि घरच्या मांजरांचे क्रॉस केले होते.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. या माद्यांना जोडायला चांगला बोका हवा होता, आणि १९८२ मध्ये तो बाईंना सापडला कुठे तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारा एक भटका, नारिंगी अंगाचा आणि गडद ठिपक्यांचा. त्याला अमेरिकेला नेलं, नाव ठेवलं मिलवुड टोरी ऑफ डेल्ही. बेंगालच्या केसांवर उन्हात जी सोनेरी चमक दिसते ना, जिला ब्रीडर लोक ग्लिटर म्हणतात आणि तिचे वेगळे पैसे लावतात, ती या टोरीकडून आली असं मानतात. म्हणजे लाखभर रुपये देऊन आपण ज्या चमकीचं कौतुक करतो ती मुळात आपल्याकडच्या एका बेवारस बोक्याची. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग खाली पार्किंगमधला घ्यायचा होतास की. बरोबरच आहे तिचं एका अर्थाने, पण ते पुढे बोलू.

टिका या मांजरांच्या नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८६ मध्ये ब्रीड म्हणून नोंद घेतली आणि १९९१ पासून बेंगाल चॅम्पियनशिपला उतरायला लागले.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे पिढ्यांचा हिशोब. रानमांजर आणि घरचं मांजर यांचं थेट पिल्लू म्हणजे एफ-१, त्याचं पुढचं एफ-२, मग एफ-३. या पहिल्या तीन पिढ्या फक्त पुढच्या ब्रीडिंगसाठी, घरात पाळायला नाहीत, त्यातले बोके बहुतेक वेळा नापीकच असतात आणि स्वभावाने ही मांजरं लाजरी, भेदरट, लिटर बॉक्सची (शी-शूच्या डब्याची) शिस्त कधी पाळतील कधी नाही अशी असतात. चौथ्या पिढीपासून पुढे ज्याच्या मागे बेंगाल ते बेंगाल असंच ब्रीडिंग झालंय ते घरगुती मांजर. तुम्हाला तेच हवंय. पण आपल्याकडे काही विक्रेते "मॅडम एफ-टू आहे, प्युअर वाइल्ड ब्लड" असं छाती फुगवून सांगतात आणि ऐकणारा अजून वीस हजार वाढवून द्यायला तयार होतो. अरे बाबा, एक तर ते नव्याण्णव टक्के खोटं असतं, आणि खरं असेल तर जास्त मोठा प्रॉब्लेम आहे. लेपर्ड कॅट आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, वाघ-बिबट्याच्या पंक्तीत. आणि साइटिस हा जो वन्यप्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात क्रॉस जनावराच्या मागच्या चार पिढ्या मोजतात, म्हणजे तेवढ्यात कुठे रानमांजर आलं तर त्या क्रॉसलाही वन्यप्राण्याचेच नियम लागतात. त्यामुळे वाइल्ड ब्लड हा शब्द कोणी जाहिरातीत लिहिला असेल तर ती जाहिरात बंद करा आणि पुढे जा. परदेशात राहणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणचे नियम वेगळे बघा, अमेरिकेत हवाईमध्ये बेंगाल नेताच येत नाही, पिढी कुठलीही असो.

याच ओघात, ऊसतोडीच्या दिवसात फडात ठिपकेवाली पिल्लं सापडतात आणि कोणीतरी ती "बेंगालची पिल्लं" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो. ती बिबट्याची असतील, रानमांजराची असतील, वाघाटीची असतील, काहीही असोत, उचलायची नाहीत, आई जवळच असते. वनखात्याची हेल्पलाइन आहे १९२६, तिथे फोन करा. घरी आणून दूध पाजत फोटो काढणं हा सरळ गुन्हा आहे.

बरं आता स्वभाव. माझा नवरा कुत्र्यांचा माणूस, त्याला मांजर म्हणजे उन्हात झोपणारी उशी वाटायची. बेंगाल झोपतो हो, मांजरच आहे शेवटी, पण जागा असतो तेव्हा पूर्ण जागा असतो. आपण जिथे तिथे तो. ओट्यावर, फ्रिजवर, लॉफ्टवर, वॉशिंग मशीनमध्ये (मशीन लावायच्या आधी आत बघायचं म्हणजे बघायचं, हे घरातल्या प्रत्येकाला आणि कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा). दाराचं हँडल लोंबकळून उघडतो. ड्रॉवर उघडतो. फ्रिजला आम्ही लहान मुलांसाठी असतं ते लॉक लावलंय. आणि पाणी! बहुतेक बेंगालना पाण्याचं वेड असतं, आमच्याकडे तर पाण्याच्या भांड्यात पंजा घालून शिंपडणं, नळाखाली डोकं धरणं, बादलीत खेळणी बुडवून परत काढणं असले उद्योग दिवसभर चालतात, खंड्या हे नावच त्यामुळे पडलं. कमोडचं झाकण कायम बंद. घरात फिश टँक असेल तर एक तर त्याला घट्ट झाकण करून घ्या नाहीतर बेंगालचा विचार सोडा, लव्हबर्ड्स, हॅमस्टर असतील तर सोडाच.

आवाजाचं कोणी आधी सांगत नाही. बेंगाल बोलतो, खूप बोलतो, आणि ते गोड म्याऊ वगैरे नसतं, घसा काढून ओरडणं असतं. बाथरूमचं दार लावलं की ओरड, जेवायला दहा मिनिटं उशीर झाला की ओरड, कबुतर दिसलं की एक वेगळाच कडकड आवाज. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील आणि ते आधीच कटकटे असतील तर विचार करा.

गणपतीत आमच्याकडे डेकोरेशनची सगळी रचनाच बदलली. लटकणारं काही नाही, पिसं नाहीत, झिरमिळ्या नाहीत, लाइटच्या माळा भिंतीला टेपने चिकटवलेल्या, आणि मखराच्या खोलीचं दार कडी लावून बंद. सासूबाईंना पहिल्यांदा पटलं नाही, मग त्याने दूर्वांची जुडी पळवून सोफ्याखाली नेली आणि विषय संपला.

म्हणून दिवसभर दोघंही ऑफिसला, घरात कोणी नाही, आणि "मांजर काय राहतं एकटं" असा हिशोब असेल तर बेंगाल घेऊ नका. स्पष्ट सांगते. याला रोज सकाळ-संध्याकाळ खरोखरचं खेळायला लागतं, काठीला पीस बांधून पळवणं, दमेपर्यंत, आणि खेळ झाल्यावर लगेच खाणं, म्हणजे मग झोपतो. त्याशिवाय उंचावर चढायला जागा हव्यात, भिंतीला फळ्या ठोका, कॅट ट्री आणा, जमलं तर ते पळायचं गोल चाक असतं ते, महाग आहे आणि हॉलमधली जागा खातं पण उपयोग होतो. हार्नेस लावून फिरायलाही बरेच बेंगाल शिकतात, पिल्लू असतानाच सवय लावली तर. कंटाळलेला बेंगाल काय करतो तर वायरी चावतो, पडदे फाडतो आणि कधीकधी पलंगावर शू करतो, आणि मग लोक म्हणतात मांजर बिघडलं. दोन मांजरं असली तर एकमेकांत दमतात हे खरंय, पण दुसरं तेवढ्याच ताकदीचं हवं. घरात आधीपासून म्हातारी शांत पर्शियन असेल तर तिच्यावर अन्याय करू नका.

पिल्लू आणायच्या आधी, नंतर नाही, आधी, बाल्कनी आणि खिडक्या. आपल्याकडे सोसायटीत सगळीकडे कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असते आणि लोकांना वाटतं झालं काम. ती जाळी कबुतराला बाहेर ठेवायला असते, मांजराला आत ठेवायला नाही. बेंगाल ती दाताने कुरतडतो, नखं अडकवून वर चढतो, आणि उन्हापावसात दोन-तीन वर्षांनी नायलॉन कुजतंच. स्टीलची जाळी लावा. इनव्हिजिबल ग्रिल छान दिसतं पण दोन तारांमधलं अंतर बघा, तीन महिन्यांचं पिल्लू त्यातून आरामात निघतं. मांजर पडलं तरी पायावरच पडतं असं म्हणणाऱ्यांना कुठल्याही डॉक्टरकडे पावसाळ्यात एक दिवस बसवा, जबडा फुटलेली, पाय मोडलेली, छातीला मार लागलेली मांजरं येतच असतात वरच्या मजल्यांवरून पडून.

आता प्रत्यक्ष घेताना. मी बघितलेल्या जाहिरातींमध्ये भाव पंचवीस हजारापासून दोन लाखापर्यंत काहीही असतो. पंचवीसवाला बहुतेक वेळा आपलं पट्टेवालं देशी मांजर असतं नाहीतर पर्शियनचा क्रॉस, आणि फोटो कुठल्यातरी रशियन कॅटरीचे (मांजरांचं ब्रीडिंग करणाऱ्या जागेचे) ढापलेले असतात. लांब केस असलेलं पिल्लू "पंच फेस बेंगाल" (पंच फेस म्हणजे पर्शियनसारखं चपटं तोंड) म्हणून कोणी दाखवलं तर हसा आणि निघा. पण एक गोष्ट गोंधळात टाकते, बेंगालची पिल्लं साधारण एक महिन्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंत धुरकट, विस्कटलेल्या केसांची दिसतात, ठिपके झाकले जातात, आणि मग परत उठून येतात. स्नो रंगाची पिल्लं तर जन्मतः जवळपास पांढरी असतात. त्यामुळे पिल्लाच्या रंगावरून भांडण्यापेक्षा आई-बाप बघा. आई-बाप दाखवायला जो टाळाटाळ करतो, "बाप बाहेरगावी आहे" म्हणतो, पार्किंगमध्ये खोक्यातून पिल्लू हातात देतो, त्याच्याकडून फुकट मिळालं तरी घेऊ नका. आई घरात कशी वागते, अनोळखी माणूस आल्यावर लपून बसते की येऊन वास घेते, यावरून पिल्लाचं अर्धं कळतं.

बारा आठवडे पूर्ण व्हायच्या आत आणू नका. इकडे पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास विकतात कारण लहान दिसली की लवकर खपतात, पण चावायचं किती, खेळताना नखं आत कशी ठेवायची हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. बेंगालच्या बाबतीत हा धडा चुकला तर तुमचे हात बघवणार नाहीत.

आणि टेस्टचे कागद मागा. पेडिग्रीचा, म्हणजे वंशावळीचा, कागद वेगळा, हे वेगळं. बेंगालमध्ये दोन आनुवंशिक आजारांच्या डीएनए टेस्ट होतात. एक पीके डेफिशियन्सी, यात लाल रक्तपेशी लवकर फुटतात आणि मांजराला अधूनमधून अ‍ॅनिमिया होत राहतो. दुसरा पीआरए-बी, यात डोळ्याच्या पडद्याच्या पेशी मरायला लागतात, सुरुवात पिल्लू दोन महिन्यांचं व्हायच्या आतच होते आणि साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत दिसणं फारच कमी होतं. दोन्ही आजारांमध्ये आई आणि बाप दोघांकडून खराब जीन आला तरच आजार होतो, त्यामुळे आई-बाप दिसायला एकदम ठणठणीत असू शकतात, टेस्टशिवाय कळत नाही. गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा, एवढंच काम असतं. तिसरा हृदयाचा, एचसीएम, स्नायू जाड होत जातो, त्याची बेंगालसाठी डीएनए टेस्ट नाही, ब्रीडिंगच्या मांजरांची दरवर्षी इको करणं हाच उपाय. आपल्याकडे इको करून घेणारा ब्रीडर सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा. निदान दोन डीएनए रिपोर्ट तरी विचारा, आणि विचारल्यावर समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघा, त्यातच पुष्कळ कळतं.

घरी आल्यावर पातळ, घाण वासाची, मध्येच आव पडलेली शी दिवसेंदिवस चालू राहिली तर नुसत्या जंताच्या औषधावर थांबू नका. जिथे खूप मांजरं एकत्र ठेवतात तिथल्या पिल्लांमध्ये ट्रायट्रायकोमोनास नावाचा एक परजीवी असतो, नेहमीच्या तपासणीत तो कित्येकदा निसटतो आणि त्याला साधी जंताची औषधं लागू पडत नाहीत, डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, पीसीआर टेस्ट होते. त्याचं जे औषध आहे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं, डोस चुकला तर मेंदूवर परिणाम होतो. दुसरं म्हणजे नायटा. पावसाळ्यात पिल्लाच्या कानावर, नाकावर गोल टक्कल दिसलं की आधी पिल्लू वेगळ्या खोलीत, कारण तो माणसांनाही होतो आणि घरातल्या लहान मुलांना पटकन.

लसी नेहमीच्याच, ट्रायकॅटचे डोस सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि बारा आठवड्यांनंतर रेबीज. नसबंदी पाच-सहा महिन्यांचं होताना करूनच टाका, बेंगालचा बोका एकदा भिंतीवर फवारे मारायला शिकला की ऑपरेशननंतरही सवय जाईलच असं नाही. "एकदा पिल्लं होऊ देत, पैसे वसूल होतील" हा विचार डोक्यात असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाहीये.

खाण्याचं थोडक्यात. मांसाहारी प्राणी आहे, घरात शाकाहार असेल तर निदान त्याच्यापुरतं चांगलं पॅकेटमधलं वेट आणि ड्राय फूड आणायची तयारी ठेवा, दूध-चपाती, दही-भात याने चालत नाही. नुसतं उकडलेलं चिकन रोज दिलं तरी टॉरिन आणि कॅल्शियम कमी पडतं. सुकट, सुके बोंबील खारट असतात, वासाने वेडा होईल पण देऊ नका. कांदा-लसूण कशातही नको. आणि दोन गोष्टी दारावर लिहून लावा, ताप आला म्हणून मांजराला कधीही पॅरासिटामॉल द्यायची नाही, अर्धी गोळीही जीव घेते, आणि कुत्र्याच्या गोचिडाची पर्मेथ्रिनवाली औषधं मांजराला लावायची नाहीत. बुकेमध्ये लिली आली असेल तर ती घरात आणूच नका, परागकण अंगाला लागले आणि चाटले तरी किडन्या जातात. बेंगाल तर प्रत्येक फुलदाणी पाडणारच.

अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी, "बेंगालची अ‍ॅलर्जी होत नाही" ही विक्रेत्यांची थाप आहे. केस कमी गळतात हे खरं, पण अ‍ॅलर्जी होते ती लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रोटीनची, आणि मांजर स्वतःला चाटणारच. घेण्याआधी कोणाच्या तरी बेंगालबरोबर दोन-तीन वेळा तासभर बसून या. सोसायटीचं म्हणाल तर मांजर पाळायला सरसकट बंदी करता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत, त्याची प्रिंट कमिटीला द्या. पुण्यात असाल तर महापालिकेचं लायसन्स मांजरालाही लागतं, ते काढून टाका. मायक्रोचिपही बसवून घ्या, हा प्राणी दार उघडं दिसलं की जिन्यात असतो.

आता आईच्या त्या पार्किंगवाल्या मुद्द्यावर येते. तुम्हाला अंगावर बसणारं, घुरघुरणारं, दिवसाकाठी दोनदा खेळून गप्प पडणारं मांजर हवं असेल तर खरोखर देशी घ्या, लसी आणि नसबंदीचा खर्च करा, उरलेल्या पैशात स्टीलची जाळी होईल. आणि बेंगालच हवा असेल तर पिल्लाचा हट्ट न धरता मोठा बघा. वर्ष-दीड वर्षाचा झाला की लोकांचा उत्साह संपतो, बदली निघते, बाळ येतं, आणि पुणे-मुंबईच्या अ‍ॅडॉप्शन ग्रुप्सवर "अर्जंट, बेंगाल मेल, व्हॅक्सिनेटेड" अशा पोस्ट पडतात. अशा मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो, धुरकटपणा गेलेला असतो, डोळ्यांचं काही असेल तर तेही कळतं. फक्त देणाऱ्याला घरी जाऊन भेटा, खरं कारण विचारा, जुनी फाइल घ्या, आणि त्याचं लिटर, त्याची चादर बरोबर आणा. तीन आठवडे पलंगाखाली बसेल, बसू दे.

खंड्याचा ब्रीडर कोण हे कमेंटमध्ये विचारू नका, त्यांनी ब्रीडिंग बंद केलंय. जाळीवाल्याचा नंबर हवा असेल तर देते.